जड दुर्बीण घरातून निरीक्षणाच्या जागी कशी नेता? अनुभव धागा

मोठी दुर्बीण घेताना सगळे आरशाचा व्यास विचारतात, वजन फारसं कुणी विचारत नाही. मग ती घरी येते आणि अमावास्येच्या आसपासच्या स्वच्छ रात्रीही कोपऱ्यात उभी राहते, कारण ती उचलायची कुणी आणि न्यायची कशी हे ठरलेलंच नसतं. ८ इंची डॉब्सोनियन (साध्या लाकडी बेसवर फिरणारी आरशाची दुर्बीण, थोडक्यात डॉब) बेससकट साधारण २० किलो भरते, १० इंची ३० च्या आसपास जाते, त्यापुढे वजन फार झपाट्याने वाढतं. ज्यांच्या नावाने ही रचना ओळखली जाते ते जॉन डॉब्सन फुटपाथवर दुर्बीण मांडून येणाऱ्याजाणाऱ्याला आकाश दाखवत. मोठा आरसा सामान्य माणसाच्या आवाक्यात आला तो या साध्या लाकडी बेसमुळे. पण तो उचलून बाहेर नेणं अजून आपल्याच हातात आहे.

तेव्हा लिहा. कोणता भाग आधी सुटतो, गाडीत काय कुठे बसतं, जिना कसा उतरता, पाठ कशी सांभाळता? दुर्बिणीचा प्रकार आणि आकार आवर्जून सांगा. एकाला चालतं ते दुसऱ्याला चालेलच असं नाही.

१० इंची डॉब, वरचा मजला, लिफ्ट नाही

बेस आधी खाली न्यायचा, नळी नंतर. क्रम उलटा केला तर नळी खाली एकटी उभी राहते, आणि उभी नळी वाऱ्याने किंवा कुणाच्या धक्क्याने पडायला वेळ लागत नाही. बेस जागेवर असला की नळी हातातून थेट त्यात बसते.

नळी जवळपास १५ किलोची आहे. वजनापेक्षा तिची जाडी त्रास देते. दोन्ही हातांनी कवेत घेतली की पायाखालची पायरी दिसत नाही. म्हणून मी नळीभोवती दोन रुंद पट्टे आवळून त्यांना खांद्यावर घ्यायचा तिसरा पट्टा जोडला आहे. नळी कुशीला लागून राहते, एक हात तिच्यावर आणि दुसरा कठड्यावर. न्यूटोनियनमध्ये, म्हणजे डॉबसारख्या तळाशी मोठा आरसा असलेल्या दुर्बिणीत, सगळं वजन आरशाच्या टोकाला असतं, त्यामुळे पट्टे मधोमध लावू नका. नळी ज्या ठिकाणी हातावर तोलली जाते ती जागा शोधा आणि तिच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर लावा.

फाइंडर (नळीवरची नेम धरायची छोटी दुर्बीण) घरातच काढून ठेवतो. दाराच्या चौकटीला सगळ्यात आधी तोच लागतो. आणि जिन्यातला दिवा लावूनच उतरतो. डोळे अंधाराला सरावायला अर्धा तास लागतो हे खरं, पण तो अर्धा तास खाली पोचल्यावर सुरू झाला तरी चालतो.

११ इंची श्मिट-कॅसेग्रेन, इक्विटोरियल माउंट

इथे अडचण वेगळी आहे. श्मिट-कॅसेग्रेन म्हणजे पुढे काच आणि मागे आरसा असलेली आखूड नळी, आणि इक्विटोरियल माउंट म्हणजे ताऱ्यांच्या गतीबरोबर फिरणारा ट्रायपॉडवरचा आधार. नळी साडेबारा किलोच्या आसपास, माउंटचं डोकं १७ च्या वर, शिवाय ट्रायपॉड आणि नळीचा तोल सांभाळणारी ५-५ किलोची काउंटरवेट. एकेक भाग उचलण्याजोगा आहे, पण ते जोडायचे असतात छातीच्या उंचीवर आणि बहुतेक वेळा अंधारात. मी माझ्यापुरता एक नियम घालून घेतला आहे. जोडताना काउंटरवेट आधी, नळी शेवटी. सुटं करताना नळी आधी, काउंटरवेट शेवटी. काउंटरवेट नसताना नळी चढवली आणि क्लच (माउंटचा अक्ष जागी धरणारी पकड) सैल असला, तर नळी आपल्याच वजनाने गर्रकन खाली येते आणि ट्रायपॉडच्या पायावर आपटते. दुसऱ्या एकाच्या दुर्बिणीचं असं होताना मी पाहिलं आहे. पुढची काच वाचली, पण फोकसरची (चित्र स्पष्ट करायची) मूठ वाकली.

नळी चढवतानाचे ते काही सेकंद मला सगळ्यात महत्त्वाचे वाटतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते. काउंटरवेटचा दांडा सरळ खाली, दोन्ही क्लच आवळलेले. नळीखालची पट्टी माउंटच्या खोबणीत तिरकी टेकवायची, मग सपाट बसवायची. एक हात आणि छाती नळीला लावून ठेवायची, दुसऱ्या हाताने पहिला नॉब पूर्ण आवळायचा, मग दुसरा. तरीही हात सोडायचा नाही. आधी नळी किंचित उचलून पाहायची. पट्टी आणि खोबणी यांच्यात जराही हालचाल जाणवली तर पट्टी तिरकी बसली आहे, नॉब कितीही घट्ट लागो. पट्टीच्या टोकाला थांबा म्हणून एक छोटा स्क्रू असतो, तो कधीही काढून ठेवू नका. नॉब सैल पडला तर नळी त्याच स्क्रूवर अडते. काउंटरवेटच्या दांड्याच्या टोकाचा स्क्रूही तसाच. तो नसेल तर ५ किलोचं लोखंड पायाच्या बोटांवर येतं.

माउंट गाडीत ठेवताना मात्र मी क्लच सैल सोडते. खड्ड्याचा हादरा बसला तर अक्ष थोडा फिरून जातो, सगळा मार गिअरच्या दात्यांवर येत नाही.

धागाकर्ता

हे फार उपयोगी आहे. गाडीत काय कुठे ठेवता यावर कुणी लिहाल का? मागच्या सीटवर आडवी की डिकीत, यावर दोन मतं ऐकली आहेत.

८ इंची डॉब, छोटी गाडी

मागची सीट. १२०० मिमी फोकल लेंग्थची (म्हणजे साधारण तेवढीच लांब) नळी माझ्या गाडीत मागच्या सीटवर आडवी बरोबर बसते. खाली जाड फोम, दोन्ही टोकांना गुंडाळलेली चादर, आणि दोन्ही सीटबेल्ट नळीवरून घेऊन लावलेले. फोमने खरचटणं थांबतं, पण गाडीने करकचून ब्रेक मारला की ९-१० किलोची नळी पुढच्या माणसाच्या पाठीवर जाऊ नये, हे काम बेल्टच करतो. आयपीसची (डोळा लावायच्या भिंगांची) पेटी पायाशी. मागच्या काचेपाशी सुटी वस्तू एकही नाही.

१६ इंची ट्रस डॉब, स्वतः बांधलेली

एवढ्या आकाराची बंद नळी नेणं फार अवघड, म्हणून दांड्यांचा सांगाडा, म्हणजे ट्रस. याचं मूळ अमेरिकेतल्या पालोमार वेधशाळेच्या २०० इंची हेल दुर्बिणीत आहे, अभियंते मार्क सेरुरिये यांनी ती ट्रस तिच्यासाठी आखली होती. त्या दुर्बिणीच्या आरशाची चकती १९३६ मध्ये रेल्वेने नेली तेव्हा ती खास वॅगनमध्ये उभी, कडेवर ठेवली होती आणि गाडी मुद्दाम हळू हाकली होती. ते वाचून काही जण आपला आरसाही उभा नेऊ पाहतात. माझं मत वेगळं आहे. ती चकती आडवी ठेवली असती तर वाटेत कुठे मावलीच नसती. आपला आरसा त्याच्या सेलमध्ये (आरसा धरणाऱ्या चौकटीत) आडवा, तोंड वर करून बसण्यासाठीच बनवलेला असतो, तर तो तसाच जावा. वर घट्ट झाकण, आणि कडेच्या आधारांत तो सरकत नाही याची निघण्यापूर्वी खात्री.

आरशाच्या खोक्याला मी पुढे दोन चाकं आणि मागे दोन लांब दांडे लावतो, हातगाडीसारखे. गाडीच्या डिकीला उतरणीच्या दोन फळ्या. इथे एकच गोष्ट ठासून सांगतो: फळीवरून चढवताना किंवा उतरवताना खोक्याच्या खालच्या बाजूला कुणीही उभं राहायचं नाही. दांडे वरच्या बाजूला, माणूस वरच्या बाजूला, आणि उतरवताना ओढून धरत सोडायचं. दुसरा माणूस असेल तर तो बाजूला उभा राहून चाक फळीवर आहे की नाही एवढंच पाहील.

१२ इंची डॉब, घर ते अंगण

मला कुठे लांब जायचं नसतं, म्हणून मी काहीच सुटं करत नाही. बेसखाली हवा भरलेल्या टायरची चाकं लावली आहेत आणि अख्खी दुर्बीण ढकलत नेतो. छोट्या कडक चाकांवर फरशीची प्रत्येक सांध आरशापर्यंत पोचते, हवेच्या टायरवर नाही. उंबरठ्याला लाकडी पाचर करून ठेवली आहे. ढकलताना नळी उभी ठेवून पट्ट्याने बेसला बांधायची, म्हणजे ती मध्येच झुकत नाही. जागेवर पोचलं की चारही कोपऱ्यांचे स्क्रू खाली फिरवून चाकं अधांतरी करतो, नाहीतर आयपीसला हात लागताच तारा थरथरतो.

आणखी एक, शाळेतल्या मुलांना आकाश दाखवणारी

दुर्बीण नेणं बहुतेक वेळा दुपारी होतं, आणि सूर्य कुणी लक्षात घेत नाही. झाकण नसलेल्या आरशावर ऊन पडलं तर ते कुठेतरी एका बिंदूवर गोळा होतं. नळीच्या आत, गाडीच्या सीटवर, किंवा कुतूहलाने वाकलेल्या मुलाच्या डोळ्यात. गाडीच्या काचेतून येणारं ऊनही त्यालाच जमेला धरा. म्हणून नळीचं झाकण आणि फाइंडरची दोन्ही झाकणं घरातच लागतात आणि सूर्य मावळल्यावरच निघतात. मुलांना मदत करायची फार हौस असते. त्यांना आयपीसची पेटी, खुर्ची, नकाशे द्या, काचेचं काहीही देऊ नका. उन्हात बंद गाडीत दुर्बीण तासन्‌तास ठेवणंही मी टाळते.

१२ इंची होती, आता ८ इंची

कमरेच्या मणक्याचा त्रास सुरू झाल्यावर मी मोठी दुर्बीण एका तरुण निरीक्षकाला दिली. मोठा आरसा जास्त दाखवतो यात शंका नाही, पण मोठी असताना मी महिना महिना बाहेर पडत नव्हतो, आता पडतो. पाठ ठीक असणाऱ्यांनीही गुडघे वाकवून, वजन अंगाशी घेऊन उचलावं आणि उचललेलं असताना कंबर पिळू नये. वळायचं तर पाय वळवावेत.

माझा भर परतीवर आहे. जाताना सगळे ताजेतवाने असतात. पहाटे हात गारठलेले, नळी दवाने ओली, डोळ्यांवर झोप. निघण्यापूर्वी दहा मिनिटं बसा, मगच आवरायला घ्या. जमिनीवर एक फिकट रंगाची चादर अंथरून सुटा प्रत्येक भाग तिच्यावर ठेवा, म्हणजे गवतात स्क्रू हरवत नाही. शेवटी लाल दिवा बाजूला ठेवून पांढरा लावा आणि जागा एकदा फिरून पाहा.

११ इंचीवाली, पुन्हा

दवाचं राहिलं. थंड दुर्बीण उबदार, दमट खोलीत उघडी आणली की काचेवर लगेच ओल धरते. म्हणून काच कोरडी असेल तर झाकण बाहेरच लावते आणि घरात आल्यावर नळीला खोलीचं तापमान येईपर्यंत उघडत नाही. काच आधीच ओली असेल तर उलट, झाकण लावून ओल आत कोंडायची नाही. घरात नळी आडवी, तोंड किंचित खाली करून आपोआप वाळू द्यायची. पुसायची नाही.

१० इंची डॉब, वरचा मजला

वरच्या उत्तरांत कोलिमेशनचा, म्हणजे आरसे एका रेषेत जुळवण्याचा, उल्लेख आला नाही. कितीही जपून नेली तरी न्यूटोनियन पोचल्यावर तपासावीच लागते, माझी तर जिन्यावरूनच थोडी हलते. छोट्या आरशाचे स्क्रू फिरवताना नळी आडवी ठेवा. उभी असली आणि ॲलन पाना हातातून सुटला तर तो थेट मोठ्या आरशावर पडतो. आरसा बाहेरच्या हवेइतका थंड व्हायलाही वेळ लागतो, म्हणून मी उजेड असतानाच पोचतो, कोलिमेशन करतो, झाकण लावून ठेवतो आणि अंधार पडायची वाट पाहतो.