मदत हवी आहे: कंपनीच्या डेस्कटॉपचा एसएमपीएस बदलायचाय पण मदरबोर्डला २४ पिनचा सॉकेटच नाहीये

मंडळी, जरा लांबलचक होईल पण सगळं एकदम सांगितलेलं बरं. घरी एक तयार डेस्कटॉप आहे, असेंबल केलेला नाही, कंपनीकडून जसा आला तसाच. कोअर आय५-१०४००, १६ जीबी रॅम, एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) २६० वॅटचा. धाकटी बहीण ॲनिमेशन शिकते, ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये रेंडर (फ्रेम तयार करायला) लावून झोपते आणि सकाळी उठून बघते तर निम्म्या फ्रेमसुद्धा झालेल्या नसतात. मावसभावाने नवीन ग्राफिक कार्ड घेतलं तेव्हा त्याचं जुनं आरटीएक्स ३०६० तिला देऊन टाकलं, ती इतकी खूश झाली की विचारू नका, पण आठवडा झाला ते खोक्यातच पडून आहे आणि मला रोज विचारते की दादा कधी लावायचं.

कार्डला ८ पिनची वायर लागते आणि आमच्या एसएमपीएसमधून तशी वायर येतच नाही. मला वाटलं सोपं काम आहे, ५५० वॅटचा नवीन घ्यायचा, जुना काढायचा, नवा बसवायचा. काल कॅबिनेट उघडलं तर मदरबोर्डला नेहमीचा लांब २४ पिनचा सॉकेटच नाही! त्या जागी फक्त ६ पिनचा एक आहे, शिवाय प्रोसेसरजवळ ४ पिनचा. एसएसडी आणि हार्डडिस्कची पॉवरची वायर एसएमपीएसमधून नाही तर मदरबोर्डवरच्या एका छोट्या कनेक्टरमधून निघते. एसएमपीएसच्या लेबलवर ३.३ व्होल्ट, ५ व्होल्ट असं काहीच नाही, सगळं १२ व्होल्टच. टेप लावून मोजलं तर डबा १५ सेंटीमीटर रुंद, ८.६ उंच आणि १४ खोल, म्हणजे मापाने साधा एटीएक्सच (डेस्कटॉपसाठीचं नेहमीचं ठरलेलं माप) आहे, चार स्क्रूपण तसेच, त्यामुळे जागेचा प्रश्न नाही, प्रश्न फक्त त्या प्लगचा.

आता विचारायचं ते हे. एकाने सांगितलं की जुना एसएमपीएस राहू दे, साटाच्या (डिस्कला वीज देणाऱ्या) दोन वायरींवरून ८ पिन करणारी जोडवायर मिळते ती लाव आणि काम सुरू कर. दुसरा म्हणतो २४ पिनचं ६ पिन करणारा ॲडाप्टर लावून नवीन एसएमपीएस बसव. आणि एक वेडा विचार माझा स्वतःचा, नवीन एसएमपीएससोबत ग्राफिक कार्डसाठी ६ पिनची वायर येतेच, ती मदरबोर्डच्या ६ पिनमध्ये अगदी बरोबर बसेल असं दिसतंय, तर तीच का लावू नये? हे करण्याआधी विचारतोय कारण मशीन एकच आहे आणि बहिणीचं सबमिशन तीन आठवड्यांवर आलंय.

प्रतिसाद १
तिसरा विचार आधी डोक्यातून काढून टाका, कृपया. प्लग बसतो म्हणजे वायरिंग जुळतं असं नाही. ग्राफिक कार्डच्या ६ पिनमध्ये एका ओळीत १२ व्होल्ट आणि दुसऱ्या ओळीत ग्राउंड असतं, तुमच्या मदरबोर्डच्या ६ पिनमध्ये त्याच जागांवर चालू करण्याचा सिग्नल, पॉवर ठीक आहे सांगणारा सिग्नल, असं काहीही असू शकतं. त्या पिनवर थेट १२ व्होल्ट गेले तर बोर्ड तिथेच संपला.

साटाच्या जोडवायरीबद्दल पण नाहीच. साटाच्या पॉवर प्लगमध्ये १२ व्होल्टच्या तीन बारीक पिना असतात, प्रत्येकी दीड अँपियर, म्हणजे साडेचार अँपियर, गुणिले १२ म्हणजे ५४ वॅट. ३०६० कार्ड १७० वॅट घेतं, त्यातले स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५, उरलेले शंभरच्या आसपास त्या वायरीतून ओढणार. दोन प्लग जोडले तरी अगदी काठावर, आणि त्या दोन्ही प्लगची पॉवर तुमच्याकडे मदरबोर्डमधून येते, तो छोटा कनेक्टर फक्त डिस्कपुरता बनवलेला असतो. असे वितळलेले प्लग मी हातात घेऊन बघितलेत, पिनेभोवतीचं प्लास्टिक आधी तपकिरी होतं आणि मग वास येतो.

प्रतिसाद २
वरच्यांशी सहमत. हिशोबच करून बघा, कार्ड १७०, तुमचा प्रोसेसर नावाला ६५ वॅटचा पण टर्बोमध्ये (वेग वाढवून चालताना) थोडा वेळ १३४ पर्यंत जाऊ शकतो, बाकी डिस्क, पंखे, बोर्ड धरा ४०. साडेतीनशेच्या जवळ गेलात, २६० मध्ये कसं भागणार? ५५० वॅट बरोबर आहे, या कार्डसाठी एनव्हिडियासुद्धा तेवढाच सांगते.

ॲडाप्टर चालतो, पण कुठलाही ६ पिनचा घेऊ नका, एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्येसुद्धा पिनांचा क्रम वेगळा असतो. आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी कोणी सांगत नाही: स्टँडबाय. मशीन बंद असताना साधा एसएमपीएस जांभळ्या वायरीवर ५ व्होल्ट देत राहतो, तुमचा बोर्ड १२ व्होल्टवाला असेल तर त्याला तिथे १२ लागतात. नुसत्या वायरींचा ॲडाप्टर लावला की बटण दाबून दाबून थकाल, मशीन जिवंतच होणार नाही. त्यासाठी मधे ५ चे १२ करणारी छोटी सर्किटची पट्टी असलेला ॲडाप्टर येतो, तो घ्यायचा.

मल्टीमीटर आहे का? असेल तर प्लग जोडलेलाच ठेवून, मशीन बंद पण मेन स्विच चालू अशा अवस्थेत, प्लगच्या मागून प्रत्येक पिन ग्राउंडच्या तुलनेत मोजा आणि कागदावर लिहा. टोक दोन पिनांना एकदम लागू देऊ नका. एसएमपीएसचा डबा मात्र उघडू नका, आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर चार्ज असतो आणि वायर काढल्यावरही राहतो.

धागाकर्ता
तुम्हा दोघांचे मनापासून आभार, ती ६ पिनची वायर मी खरंच लावली असती. मल्टीमीटर शेजारच्या काकांकडून आणला. मशीन बंद असताना एका पिनवर ११.९ व्होल्ट, एकीवर ४.८, बाकीच्यांवर जवळपास शून्य. म्हणजे तुम्ही म्हणालात तसं स्टँडबाय १२ चंच निघालं ना? आणि ४.८ वाला चालू करण्याचा सिग्नल असावा, कारण बटण दाबल्याबरोबर तो शून्यावर आला. नवीन एसएमपीएस लावल्यावर डिस्कची वायर बोर्डवरूनच ठेवायची की नवीनमधून घ्यायची?

प्रतिसाद २
हो, स्टँडबाय १२ चंच आहे आणि ४.८ वाला तोच सिग्नल. डिस्क बोर्डवरूनच राहू द्या, तशीच व्यवस्था आहे. नवीन एसएमपीएस मॉड्युलर (वायरी सुट्या काढता येणारा) असेल तर त्याच्यासोबत आलेल्याच वायरी वापरा, दुसऱ्याच्या वायरी एसएमपीएसच्या बाजूने जुळतीलच असं नाही. ॲडाप्टर घेताना मशीनचा मॉडेल नंबर आणि मदरबोर्डचा पार्ट नंबर दोन्ही सांगा आणि पिनांचा नकाशा मागा. तुमच्या कागदाशी एकही पिन जुळली नाही तर घेऊ नका. वॉरंटी बाकी असेल तर तेही एकदा वाचून घ्या.

धागाकर्ता
वॉरंटी संपलीय. बहिणीशी बोललो, सबमिशन होईपर्यंत मशीनला हात लावायचा नाही असं ठरलंय, तोवर मावसभाऊ तिच्या फाइल त्याच्या मशीनवर रात्री रेंडर करून देतोय. ॲडाप्टर आणि ५५० वॅटचा तोपर्यंत बघून ठेवतो. पिनांचा नकाशा मिळाला की माझ्या कागदाच्या फोटोसोबत इथेच टाकतो, तेव्हा कृपया एकदा नजर टाका.