उत्तर: कॅमेरा हलला म्हणजे भीती नव्हे

‘फाउंड फुटेज म्हणजे नुसता हलता कॅमेरा, भीती कमी नि डोकेदुखी जास्त’ हे, म्हणजे पात्रांनीच शूट केलेलं नि मागाहून ‘सापडलेलं’ चित्रण म्हणून दाखवलेल्या सिनेमांबद्दलचं, तुमचं म्हणणं अर्धं पटलं. हल्लीच्या बहुतेक स्वतंत्र भयपटांना ते लागू आहे. पण २००७ चा ‘पॅरानॉर्मल अ‍ॅक्टिव्हिटी’ आठवा. दिग्दर्शकाच्या स्वतःच्या घरात, जेमतेम १५,००० डॉलरांत केलेला. त्यातले सगळ्यात भयंकर प्रसंग तर स्टँडवर ठेवलेल्या, अजिबात न हलणाऱ्या कॅमेऱ्यातले! कोपऱ्यातलं घड्याळ भरभर पुढे पळतं आणि सिनेमाची नायिका पलंगाशेजारी नुसती उभी. तासन् तास.

म्हणून परीक्षण लिहिताना मी एकच बघतो: या क्षणी माणूस कॅमेरा टाकून पळत का नाही? याचं उत्तर नसेल तर सिनेमा तिथेच आपटला. ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’मध्ये (१९९९) ते उत्तर आहे. कॅमेऱ्यातून बघितलं की समोरचं खरं वाटत नाही, म्हणून जंगलात वाट चुकलेली त्यातली पोरगी शूटिंग सोडत नाही.

आमच्या चोपड्याकडे (जळगाव जिल्हा) शेतीची लाईट रात्रीची असली की केळीला पाणी भरायला जावंच लागतं. हातात मोबाईलची बॅटरी, फाटक्या पानांची सळसळ, आणि पलीकडच्या सरीतून कोणीतरी विचारतं, “कोन शे रे तठे?” इथे मोबाईल टाकून पळताच येत नाही, उजेड तोच! कोणी पोरांनी एवढंच धड शूट केलं तरी पुरे. फक्त पार्श्वसंगीत टाकू नका, बाप्पा. सापडलेल्या फुटेजला व्हायोलिन कोण वाजवतं?