कॉलेजात कर्करोग जागृती करायची आहे, पण भाषण नको. काय करता येईल?

झाडीपट्टी_रासेयो

नमस्कार मंडळी. मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, राष्ट्रीय सेवा योजनेचा गटप्रमुख आहे. 4 फेब्रुवारीला जागतिक कर्करोग दिन येतोय. आमच्याकडे दरवर्षी ठरलेलं असतं: सभागृहात पाहुण्यांचं भाषण, पडद्यावर सडलेल्या जबड्यांचे फोटो, मग उभं राहून तंबाखूमुक्तीची शपथ. मागच्या वर्षी शपथ घेतलेली मुलं तिथून थेट गेटसमोरच्या टपरीवर खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुन्याचं मिश्रण, घोटून घ्यायला उभी होती. त्यात माझे जवळचे मित्र होते. ती मुलं वाईट नाहीत, त्यांना कॅन्सर होतो हे माहीतही आहे. बारावीपासून खातात, बस.

माझा खोलीमित्र तर आता घरून आलेला ठेचा खात नाही, तोंड भाजतं म्हणतो. वरणभातावर आलाय. तरी खर्रा सुटत नाही.

यंदा मला खरोखर उपयोग होईल असं काही करायचं आहे. पैसे बॅनर आणि चहापुरतेच आहेत. आमच्या गटातल्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या लशीबद्दल माहिती हवी आहे, पण प्राचार्य म्हणाले, तो विषय नको, पालक तक्रार करतील. अनुभवी लोकांनी मार्ग सांगावा.

दंतवैद्य_नागपूर

कार्यक्रमाचं नंतर बोलू, आधी तुमच्या खोलीमित्राचं बघा. तिखट झोंबणं हे खर्रा खाणाऱ्याच्या तोंडातलं पहिलं लक्षण असू शकतं. आज रात्री त्याला तोंड पूर्ण उघडायला सांगा आणि त्याचीच तीन बोटं, तर्जनी, मधलं आणि अनामिका, उभी एकावर एक धरून वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये जातात का पाहा. जात नसतील, गाल आतून पांढुरके आणि ताठ लागत असतील, तर हा बहुधा सबम्युकस फायब्रोसिस आहे. सुपारीतल्या अरेकोलीनमुळे गालाच्या आतल्या थरात तंतू साठत जातात, गाल लवचीक राहत नाही आणि तोंड हळूहळू मिटत येतं. हा कॅन्सर नव्हे, पण यातल्या काहींचा पुढे कॅन्सर होतो. एकदा आलेला ताठरपणा पूर्ण जात नाही. आज खर्रा थांबला तर पुढची बरीच हानी टळते, म्हणून घाई करा.

आता कार्यक्रम. मी सामाजिक दंतशास्त्रात काम करते आणि विदर्भातल्या कॉलेजांमध्ये तपासणीसाठी जात असते. माझं ठाम मत झालंय की या वयाच्या मुलांना आणखी माहिती द्यायची गरज फार थोडी आहे. पुडीवरचं चित्र ती रोज बघतात. विसाव्या वर्षी साठीतल्या माणसाचा जबडा दाखवला की मुलगा मनात म्हणतो, हे म्हाताऱ्यांचं दुखणं. त्याला त्याचा स्वतःचा गाल दाखवला की तो गप्प होतो आणि मग प्रश्न विचारतो. म्हणून सभागृह सोडा आणि तपासणी ठेवा.

वाचनालयाच्या व्हरांड्यात, खिडकीच्या उजेडाकडे तोंड करून दोन खुर्च्या पुरतात. जवळच्या दंत महाविद्यालयाच्या सामाजिक दंतशास्त्र विभागाला प्राचार्यांच्या सहीचं पत्र पाठवा. शिबिरं घेणं हा त्यांच्या कामाचाच भाग असतो, हातमोजे, आरसे, लाकडी पट्ट्या ते घेऊन येतात. तपासायला बसताना मुलाने चूळ भरलेली असावी. खालच्या ओठाची आतली बाजू, दोन्ही गाल, जिभेच्या कडा, जिभेखालचा भाग आणि मुख्य म्हणजे खर्रा दाबून ठेवायची ती जागा, एवढं बघायला फार वेळ लागत नाही. हे सगळं चालू असताना मुलाच्या हातात आरसा द्या, नाहीतर त्याच्याच मोबाइलचा पुढचा कॅमेरा. पांढरा चट्टा, लाल मखमली डाग, दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम, यांपैकी काहीही दिसलं तर ते त्याच्या डोळ्यांनी त्याला दिसलं पाहिजे.

एका गोष्टीवर मी हटून बसते: तोंड उघडलेल्या मुलाचा फोटो काढायचा नाही. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फाइलला फोटो लागतात हे मला माहीत आहे; बॅनरचा काढा, खुर्चीवरच्या मुलाचा नको. आणि कोणाच्या तोंडात काय निघालं याची यादी कॉलेजच्या कार्यालयात जाता कामा नये. गेली, तर पुढच्या वर्षी ज्याला खरी गरज आहे तोच येणार नाही.

‘मी तंबाखू खात नाही, फक्त सुपारी’ असं सांगणारी मुलं आणि मुलीही भेटतील. त्यांना नीट सांगा की निव्वळ सुपारीलाही जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलेलं आहे. खर्ऱ्यात तर सुपारी, तंबाखू आणि चुना तिन्ही आहेत. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, नंतरच्या आदेशांत खर्रा आणि मावाही आले. शाळा-कॉलेजपासून 100 यार्डांत तंबाखू विकायला 2003 च्या कायद्यानेच मनाई आहे. पण टपरीवाल्याशी मुलांनी भांडू नये. तो बहुतेक गावातलाच गरीब माणूस असतो आणि उद्या मुलांनाच त्रास व्हायचा. प्राचार्यांनी अन्न व औषध प्रशासनाला आणि पोलिसांना लेखी कळवावं, ते त्यांचं काम आहे. शेजारच्या गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेच्या मुक्तिपथ या दारू-तंबाखूमुक्तीच्या अभियानात गावांनीच एकत्र बसून विक्री बंद केली. कॉलेज म्हणजे एक लहान गावच आहे, विद्यार्थ्यांचं मंडळ बसवून पाहा.

सुटला_एकदाचा

भाऊ, मी तुझ्या मित्राच्या जागी होतो. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला पाणीपुरी तोंडात मावेना, तेव्हा दाताच्या डॉक्टरकडे गेलो. शपथेने माझं काही झालं नव्हतं. झालं ते असं, की डॉक्टरांनी तोंडाचं माप मिलिमीटरमध्ये लिहून दिलं आणि पुढच्या महिन्यात परत मोजलं. आकडा घसरला नाही याचा मला परीक्षेतल्या मार्कांहून जास्त आनंद झाला.

सोडताना पहिला आठवडा फार वाईट जातो. डोकं दुखतं, चिडचिड होते, अभ्यासाला बसलं की हात खिशाकडे जातो. मी खिशात बडीशेप ठेवायचो आणि 1800-11-2356 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करायचो, तो मोफत आहे. समोरची ताई ओरडली नाही, कधी तलफ येते ते विचारलं आणि तारीख ठरवायला लावली. तुमच्या मित्राला सोडायचं असेल तर तुम्ही खोलीत खर्रा आणू देऊ नका. त्याच्यासमोर बाकीच्यांनी खाल्ला तर तो टिकणार नाही, हे मी लिहून देतो.

वसतिगृह_अधीक्षिका

मी प्राणिशास्त्र शिकवते आणि मुलींचं वसतिगृह सांभाळते. लशीचा विषय टाळू नका, मांडायची पद्धत बदला. प्राचार्यांना भीती आहे ती चारित्र्याच्या चर्चेची. मी विषाणूपासून सुरू करते, वर्गात शिकवते तसंच. एचपीव्ही हा फार सर्रास आढळणारा विषाणू आहे. बहुतेकांच्या शरीरातून तो आपोआप जातो, काहींच्या राहतो, आणि राहिलेला 16 किंवा 18 प्रकारचा असेल तर पुढे कॅन्सर होऊ शकतो. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपैकी सुमारे 70 टक्के या दोन प्रकारांमुळे होतात. भारतात 2022 मध्ये या कॅन्सरच्या सव्वा लाखाहून अधिक नव्या रुग्ण स्त्रियांचा अंदाज होता. एवढं सांगितलं की मुली स्वतःच विचारतात, ‘मॅडम, आम्ही घ्यायची का?’

लस संसर्गाच्या आधी घेतली तर सर्वांत उपयोगी, म्हणून 9 ते 14 हे वय उत्तम. पण कॉलेजच्या मुलींची वेळ गेलेली नाही. पुण्याच्या सीरम कंपनीची सर्व्हाव्हॅक ही लस 26 वर्षांपर्यंत मुलगे-मुली दोघांनाही देता येते. 15 च्या पुढे तिच्या तीन मात्रा सांगितल्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये 20 वर्षांपर्यंत एक मात्राही चालेल असं म्हटलं, तेव्हा खर्चाची अडचण असलेल्या मुलीने डॉक्टरांना हे जरूर विचारावं. मुलग्यांनाही या सत्रात बसवा. हा विषाणू त्यांनाही होतो, घशाच्या काही कॅन्सरांशी त्याचा संबंध आहे.

मी प्रत्येक सत्रात मुलींना त्यांच्या आयांबद्दल विचारते. लस घेतली तरी तिशीनंतर तपासणी करावीच लागते, आणि आईच्या वयाला तर तपासणीच महत्त्वाची. आताच्या धाराशिव जिल्ह्यात 30 ते 59 वयाच्या लाखाहून अधिक ग्रामीण स्त्रियांवर मोठा अभ्यास झाला. एचपीव्हीची एकच चाचणी आणि सापडेल त्यावर उपचार, एवढ्याने या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे झाले. 2009 मध्ये ते निष्कर्ष छापून आले. आपल्याच खेड्यांतल्या बायका होत्या त्या. आरोग्य केंद्रात तिशीपुढच्या व्यक्तींची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी करण्याचा सरकारी कार्यक्रम आहे. धान कापणीत अडकलेली आई स्वतःहून जात नाही, मुलगी सोबत निघाली तर जाते. तुमच्या शिबिराच्या दत्तक गावात आशाताईंना घेऊन हे करा, तिथे प्राचार्यांचीही हरकत नसेल.

झाडीपट्टी_रासेयो

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री मित्राला बोटं लावायला सांगितली. दोनच गेली, तिसरं अडलं. तो आधी हसला, मग स्वतःच आरशापुढे जाऊन परत लावून पाहिली. मंगळवारी आम्ही नागपूरला शासकीय दंत महाविद्यालयात जातोय. घरी सांगायला तो तयार नाही, वडील मारतील म्हणतो. तिथे नेमकं काय करतील? आणि घरी सांगावं का?

दंतवैद्य_नागपूर

खूप बरं केलंत. सकाळी नोंदणी सुरू होतानाच पोहोचा, आधार कार्ड ठेवा, मुखरोग निदान विभाग विचारा. तोंड किती उघडतं ते मोजतील, गाल दाबून पाहतील. एखादा चट्टा संशयास्पद वाटला तर त्याचा छोटा तुकडा तपासायला घेतील. तसं म्हणाले म्हणजे कॅन्सर निघाला असं नाही, हे त्याला आधीच सांगून ठेवा. दोन बोटांच्या टप्प्यावर बहुधा खर्रा बंद, तोंड उघडण्याचे व्यायाम, काही गोळ्या आणि गरज पडली तर गालात इंजेक्शनं, असे उपचार असतात. व्यायाम कंटाळवाणे आहेत आणि महिनोन्महिने करावे लागतात. तिथे खोलीमित्राचा खरा उपयोग आहे.

घरी सांगावं, पण आधी आईला, आणि तपासणीचा कागद हातात आल्यावर. सोबत तुम्ही बसा. वडीलही खर्रा खात असतील, आपल्या भागात ही शक्यता मोठी आहे, तर त्यांनाही तीन बोटं लावायला सांगा. शिबिरासाठी पत्र कोणाला लिहायचं ते मी तुम्हाला व्यक्तिगत निरोपात कळवते. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पाठवा, फेब्रुवारीत आमच्या विद्यार्थ्यांच्या परीक्षा लागतात.