बालवर्गाचं जादा वर्ष सगळ्याच मुलांना हवं, हे मला पटत नाही

उनाड_पतंग
परवा 'सुलेखन' यांनी लिहिलं होतं, की केजीच्या आधी आणखी एक वर्ष बालवर्गात काढलं की मूल शाळेसाठी पक्कं तयार होतं, हे संशोधनाने केव्हाच सिद्ध झालंय. आणि तरीही मुलाला घरी ठेवणारे आईबाप त्याचं नुकसान करतात. दोन ओळींत उत्तर देऊन भागेना, म्हणून हा वेगळा धागा.

संशोधनाचं नाव काढलंत तर सगळं काढा. बालवर्गाने मुलांचं भलं होतं म्हणून दाखला नेहमी अमेरिकेतल्या पेरी प्रीस्कूलचा असतो. १९६२ साली मिशिगनमधल्या इप्सिलँटीत सुरू झालेला प्रयोग, मुलं १२३, त्यातली बालवर्गात बसलेली ५८. पाच-सहा मुलांमागे एक शिक्षिका, आणि ती दर आठवड्याला दीड तास मुलाच्या घरी जाऊन आईसोबत बसायची. असा बालवर्ग तुमच्यापैकी कुणाच्या मुलाला मिळाला? खच्चून भरलेल्या वर्गांची जाहिरात त्या ५८ मुलांच्या जिवावर चालली आहे, याची मला चीड येते.

आता अमेरिकेतलंच टेनेसी राज्य बघा. गरीब घरातल्या चार वर्षांच्या मुलांसाठी राज्याने वर्ग काढले. जागा कमी, अर्ज जास्त, म्हणून चिठ्ठ्या टाकल्या. त्यामुळे जागा मिळालेली आणि न मिळालेली मुलं यांची तुलना चोख झाली. अभ्यासातली मुलं २,९९०. वर्ष संपताना वर्गातली मुलं पुढे होती. केजी संपेस्तोवर बाकीच्यांनी त्यांना गाठलं. आणि सहावीत? बालवर्गात गेलेलीच मुलं परीक्षेत मागे, आणि शिस्तीच्या तक्रारीही त्यांच्याच जास्त. हे २०२२ साली छापून आलंय. मग 'केव्हाच सिद्ध' झालं ते काय?

सुलेखन
माझं नाव घेऊन धागा काढलात, तर माझं म्हणणंही पुरतं ऐका. टेनेसी एका राज्याचा कारभार आहे. अमेरिकेतल्याच बॉस्टन शहरातही १९९७ ते २००३ या काळात बालवर्गासाठी चिठ्ठ्याच टाकल्या गेल्या, चार हजारांवर मुलांचा मागोवा घेतला. शालेय परीक्षांच्या गुणांत काही फरक दिसला नाही, कबूल. पण बालवर्गात जागा मिळालेल्यांतली शेकड्यामागे ८ मुलं जास्त वेळेवर कॉलेजात पोचली, बाकीच्यांच्या तुलनेत. चौथी-सहावीच्या गुणपत्रिकेवर थांबलात तर हे कधी दिसणारच नाही.

आणि तयारी म्हणजे अक्षरं नव्हेत. माझा पुतण्या थेट केजीत गेला. हुशार पोर, शंभरपर्यंत मोजायचा. मधल्या सुट्टीत डब्याचं झाकण उघडेना, तर हात मांडीवर ठेवून बसून राहिला. मागायचं असतं हेच त्याला ठाऊक नव्हतं, घरी न मागता सगळं हातात यायचं. सुट्टी संपली, डबा तसाच घरी आला. असे कित्येक दिवस गेले. हे बालवर्गात शिकतात. घरी कितीही लाड केलेत तरी चाळीस पोरांत आपली पाळी येईपर्यंत थांबणं घरी शिकवता येत नाही.

रातराणी
दोघांचंही वाचून डोकं फिरलं. एक म्हणतो घरी ठेवलंत तर नुकसान, दुसरा म्हणतो घरी ठेवलं तरी चालतं. घरी आहे कोण? आम्ही दोघं सकाळी बाहेर पडतो. आमच्यासाठी हा प्रश्न तयारीचा नाहीच, मूल दिवसभर कुणाच्या भरवशावर ठेवायचं याचा आहे. या सगळ्या चर्चांमध्ये 'पालक' म्हणजे आई, आणि आई म्हणजे दुपारी रिकामी, असं गृहीत धरलेलं असतं. खरंच वीट आलाय.

उनाड_पतंग
मी कुठेही आईने घरी बसावं असं लिहिलेलं नाही. माझ्या मुलाला मीच सांभाळलंय. न लिहिलेलं माझ्या तोंडी घालू नका.

रातराणी
तुम्हाला ते परवडलं, म्हणून सांभाळलंत. प्रत्येकाला परवडत नाही, एवढंच म्हणतेय.

बोटांची_कसरत
थोडं अवांतर, पण माझ्या रोजच्या कामातलं. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे लिहिणं, बटणं लावणं अशा रोजच्या कामांत अडणाऱ्या मुलांवर उपचार करते. जादा वर्ष बरं की वाईट, ते तुम्ही ठरवा. त्या वर्षात पेन्सिल घुसली आहे, ते थांबवा. मूल जन्मतं तेव्हा त्याच्या मनगटात हाडं नसतातच, असते ती मऊ कूर्चा. ती हाडं एकेक करत बालपणभर तयार होतात. गोल साधारण तिसऱ्या वर्षी जमतो, फुली चौथ्याच्या आसपास, त्रिकोण पाचव्याच्या. ज्याला अजून तिरपी रेघ धड मारता येत नाही त्याला दोन रेघांमध्ये अक्षर बसवायला लावतात! माझ्याकडे येतात त्या मुलांची पकड बघा: पेन्सिल मुठीत, अंगठा बोटांवर करकचून आवळलेला, नखं पांढरी पडलेली, खांदा कानापर्यंत चढलेला आणि कागद पार फाटलेला. आई सांगते, 'आळशी आहे, दोन ओळींत कंटाळतो.' तो कंटाळलेला नसतो, त्याचा हात दुखत असतो.

सुलेखन
माझी मुलगी चौथ्या वर्षी स्वतःचं नाव लिहायची, हौसेने. आज तिचं अक्षर मोत्यासारखं आहे. काही बिघडलं नाही.

बोटांची_कसरत
हौसेने लिहिलं ना? मग प्रश्नच नाही. मी लादलेल्या पानांबद्दल बोलतेय. एका मुलीवरून सगळ्यांचा नियम काढू नका.

सुलेखन
आणि तुमच्याकडे येतात ती त्रास असलेलीच मुलं. ज्यांचं सुरळीत चाललंय ती तुमच्याकडे कशाला येतील? त्यांच्यावरून तुम्ही तरी नियम का काढता?

बोटांची_कसरत
तेही खरंच. पण मग 'सुरळीत' कशाला म्हणायचं तेही सांगा. चार वर्षांच्या मुलाला रोज गृहपाठाचं पान? मातीत खेळणं, कागद फाडून चिकटवणं, बटणं लावणं, झाडावर लोंबकळणं, यातून हात तयार होतो. हे सगळं काढून तिथे पान ठेवलं तर ज्या हाताने पुढे लिहायचं तोच कच्चा राहतो.

रातराणी
गृहपाठ शाळा देते कारण पालक मागतात. आमच्या गटात एका आईने 'वही कोरी का?' म्हणून बाईंना जाब विचारला होता. त्याच बाई आधी मुलांना गोष्टी सांगायच्या. पुढच्या आठवड्यापासून वह्या भरायला लागल्या.

उनाड_पतंग
पेन्सिलीवरून परत मूळ मुद्द्यावर या. डेन्मार्कचा अभ्यास आहे, २०१५ मधला. तिथे जी मुलं वर्षभर उशिरा शाळेत गेली त्यांच्यात सातव्या वर्षी चंचलपणा आणि लक्ष न लागणं बरंच कमी दिसलं, आणि हा फरक अकराव्या वर्षीही टिकून होता. घाई करू नका म्हणतो ते यासाठीच.

सुलेखन
स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतलात. डेन्मार्कमधली मुलं ते वर्ष घरी काढत नाहीत, खेळाच्या बालवर्गात काढतात. म्हणजे तुमचा पुरावा बालवर्गाच्या जादा वर्षाच्याच बाजूचा झाला!

उनाड_पतंग
बरं, तेवढं देतो तुम्हाला. पण मग तुम्हीही हे घ्या, की ते वर्ष खेळाचं होतं, पहिलीची रंगीत तालीम नव्हे. तुमच्या परवाच्या लेखात 'अक्षरओळख आणि वीसपर्यंत अंक' हीच तयारी लिहिली होती. इथे आल्यावर डब्याचं झाकण आठवलं.

सुलेखन
दोन्ही लागतं. शब्दांत पकडायला बघू नका.

पहिलीच्या_बाई
बरीच वर्षं पहिलीला शिकवतेय, म्हणून लिहिते. टेनेसीत बाकीच्यांनी गाठलं कसं, याचं एक कारण मला माझ्या वर्गात दिसतं. जूनमध्ये निम्म्या मुलांना अक्षरं येतात, निम्म्यांना पेन्सिल कुठून धरायची तेही नाही. मी अर्थातच पहिल्यापासून सुरू करते. ज्यांना येतं ती पोरं पहिल्या तिमाहीत बसून असतात. हात वर करून थकतात, मग शेजारच्याला चिमटे काढतात, मग तक्रारवहीत नाव. त्यांचं जादा वर्ष माझ्याच वर्गात वाया जातं आणि मी एकटी त्याला काही करू शकत नाही. एवढ्या मुलांमागे आणखी एक माणूस द्या म्हणून किती वेळा मागितलं. मिळाली ती नवीन हजेरीची नोंदवही.

इंग्लंडमध्ये १९९७ पासून सुमारे ३,००० मुलांचा अभ्यास झाला. त्यात बालवर्ग लवकर सुरू केलेल्यांना फायदा दिसला, पण दिवसभराच्या वर्गाने अर्ध्या दिवसापेक्षा जास्त काही दिलं नाही. रातराणीताई, नोकरीच्या वेळांपुढे हे कामाचं नाही, कळतं मला. निदान उरलेला अर्धा दिवस मुलाला झोपायला आणि खेळायला मिळतोय ना, एवढं बघा.

रातराणी
बाई, मग दोन ठिकाणं बघितली आहेत त्यांतलं निवडू कसं? एकीकडे भिंतीवर तक्ते आणि मुलं रांगेत. दुसरीकडे नुसता गोंधळ, पण शिक्षिका जमिनीवर बसलेल्या.

पहिलीच्या_बाई
अर्धा तास कोपऱ्यात बसू देतात का विचारा. नाही म्हणाले तर तिथे घालू नका. बसायला मिळालं तर मुलं काय बोलतात ते ऐका. बाई प्रश्न विचारून उत्तराची वाट बघतात, की उत्तरही स्वतःच देतात? एखादं रडत असेल तर कोण उठतं, किती वेळाने? तक्त्यांकडे बघू नका. आणि ज्या शाळेत पुढे पाठवणार आहात तिथल्या पहिलीच्या शिक्षिकेलाही गाठा. येणाऱ्या मुलांना काय येतं हे त्या आधी तपासून घेतात का, एवढंच विचारा.

उनाड_पतंग
हेच मला म्हणायचं होतं.

सुलेखन
तुम्हाला हे अजिबात म्हणायचं नव्हतं. शीर्षक परत वाचा.