परिचर्येचा परिणाम प्रश्नपत्रिकेवर नव्हे, वॉर्डात मोजा

मूळ मांडणी : परिचर्या अध्यापिका, कोल्हापूर

एम.एस्सी. नर्सिंगच्या प्रबंधांपैकी फार मोठा भाग आजही एकाच साच्यातून निघतो. एखाद्या विषयावर नियोजित शिक्षण कार्यक्रम घ्यायचा, त्याच्या आधी आणि नंतर तीच प्रश्नावली भरून घ्यायची आणि गुण वाढले म्हणून कार्यक्रम परिणामकारक ठरवायचा. नुकतेच शिकवलेले लगेच विचारले तर गुण वाढणारच. रुग्णाला त्यातून काय मिळाले, हे मात्र कळत नाही. असे विषय यापुढे मंजूर करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. शय्याव्रण (सतत पडून राहिल्याने होणारी जखम) झाले का, सलाईनच्या जागी शीर सुजली का, रुग्ण पलंगावरून पडला का, हे आहे त्या मनुष्यबळात आणि आहे त्या गर्दीत मोजले पाहिजे.

शय्याव्रण टाळण्यासाठी अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची दर दोन तासांनी कूस बदलावी, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या शिकवत आलो. अमेरिका व कॅनडातील २७ शुश्रूषागृहांत ९४२ वृद्धांवर झालेल्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन, तीन आणि चार तासांच्या अंतराने कूस बदलली तरी शय्याव्रणाच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. परंतु तेथे सर्वांना दाट फोमच्या गाद्या होत्या. आपल्याकडे रेक्झिनची गादी असते, उन्हाळ्यात तिच्यावर पाठ घामाने ओली राहते, आणि गगनबावड्याहून किंवा राधानगरीहून आणलेल्या रुग्णाची कूस रात्री बहुधा त्याचा मुलगा किंवा सून बदलते. या परिस्थितीत पुस्तकातला नियम खरा की त्या चाचणीचा निष्कर्ष, हे इथे मोजल्याशिवाय कोणीही सांगू शकणार नाही.

प्रतिसाद : वैद्यकीय संख्याशास्त्राचे अध्यापक

मॅडम, साच्याबद्दलची आपली तक्रार रास्त आहे, पण सुचवलेला उपाय मला धोक्याचा वाटतो. एक विद्यार्थिनी एका वॉर्डात काही आठवडे नोंदी घेईल. तेवढ्या काळात शय्याव्रणाचे दोन-चार रुग्ण सापडतील, आणि त्यांतले एखादे कमी-जास्त झाले की निष्कर्ष उलटेल. शिवाय त्याच काळात सिस्टरची बदली झाली किंवा अतिगंभीर रुग्ण वाढले, तर झालेला बदल कशामुळे झाला हे तुलना गटाशिवाय कसे ठरवणार?

उत्तर प्रदेशातील १२० आरोग्य केंद्रांपैकी ६० केंद्रांत सुरक्षित प्रसूतीची तपासणी-सूची आणि तिच्या जोडीला प्रत्यक्ष मार्गदर्शन दिले गेले. २०१७ मध्ये आलेल्या निकालानुसार कर्मचाऱ्यांच्या कामाची पद्धत सुधारली, मात्र माता व नवजात बालकांच्या मृत्यूंत फरक पडला नाही. तुलनेसाठी दुसरी केंद्रे होती म्हणूनच हे उघड झाले. केवळ सुधारलेले काम मोजले असते, तर तो कार्यक्रम यशस्वी म्हणून राज्यभर गेला असता.

प्रतिसाद : अधिपरिचारिका, मेडिसिन वॉर्ड

मला दोघांचेही पटत नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषाप्रमाणे अध्यापन रुग्णालयाच्या सामान्य वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका हवी. रात्रपाळीत एकटीने पूर्ण वॉर्ड सांभाळणाऱ्या परिचारिकेच्या हातात आणखी एक तक्ता देणे हा तिच्यावर अन्याय आहे. पेनसिल्व्हेनियातील १६८ रुग्णालयांच्या २००२ सालच्या अभ्यासात परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला, की शस्त्रक्रियेच्या रुग्णाचा तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सात टक्क्यांनी वाढते असे दिसले. आता आणखी काय मोजायचे आहे? आधी रिक्त पदे भरा.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. शय्याव्रणाची नोंद केली की खुलासा मागितला जातो, त्यामुळे रजिस्टरमध्ये व्रणाऐवजी नुसता लालसरपणा लिहिला जातो, किंवा रुग्ण व्रण घेऊनच दाखल झाला असे लिहिले जाते. अशा नोंदींवर उभे राहिलेले संशोधन कोणाच्या उपयोगाचे?

मूळ मांडणीकर्तीचे उत्तर

सर, आपला संख्येचा मुद्दा मी स्वीकारते. पाच-सहा विद्यार्थिनींनी पाच-सहा वेगळे विषय घेण्याऐवजी एकच प्रश्न, व्रणाची एकच व्याख्या आणि शहरातील अनेक रुग्णालये घ्यावीत, वॉर्डांमध्ये नवी पद्धत चिठ्ठी टाकून टप्प्याटप्प्याने सुरू करावी, म्हणजे न सुरू झालेले वॉर्ड तुलनेला राहतील. विद्यापीठाने सामूहिक प्रबंधाला मान्यता दिली तर हे अशक्य नाही.

सिस्टर, पदांची मागणी माझीही आहे. परंतु आपण सांगितलेल्या सात टक्क्यांमागे रुग्णालयांच्या नोंदी आणि दहा हजारांहून अधिक परिचारिकांनी भरून दिलेली उत्तरेच होती. आपल्या वॉर्डातला आकडा आपल्याजवळ नसेल, तर पदे मागताना आपण परक्या देशाचाच आकडा पुढे ठेवणार. नातेवाईकांना शिकवले की मनुष्यबळाची उणीव भरून निघते, असे प्रशासन गृहीत धरते. भारतातील १४ रुग्णालयांत पक्षाघाताच्या १२५० रुग्णांवर कुटुंबीयांकरवी पुनर्वसन करून पाहिले, तेव्हा सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन कमी झालेले दिसले नाही, हेही २०१७ मध्येच प्रसिद्ध झाले आहे. हा पुरावा कोणीतरी मोजला म्हणूनच आपल्या बाजूने उभा आहे.

प्रतिसाद : अधिपरिचारिका, मेडिसिन वॉर्ड

मॅडम, मग दोन अटी आधी मान्य करून घ्या. या अभ्यासातील नोंदीवरून कोणत्याही परिचारिकेकडे खुलासा मागितला जाणार नाही, असे अधिष्ठात्यांनी लेखी द्यावे. आणि पाठीची तपासणी रोज त्या वॉर्डाबाहेरच्या दोघींनी स्वतंत्रपणे करावी. तेवढे झाल्यास आमच्या वॉर्डाचे नाव पहिल्या टप्प्यात घालायला माझी हरकत नाही. पदांचा प्रश्न मात्र अभ्यासाचा निकाल येईपर्यंत थांबवू नये, या मतावर मी ठाम आहे.