अकाराचं पीठ दुसऱ्या घाण्याला बसतं, मदत हवी आहे

मंडळी, पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा लोकांच्या पद्धतीचा अकारा, म्हणजे चवळीचे तळलेले वडे, करते आहे. पहिला घाणा छान फुलतो, आतून जाळीदार. दुसऱ्यापासून पीठ सैल पडतं, वडे चपटे होतात आणि तेल पितात.

पाव किलो पांढरी चवळी 5 तास भिजवून, चोळून सगळी सालं काढली (सालं राहिली की वडा जड होतो, म्हणून इथे कंटाळा केला नाही). निथळून, 4 चमचे गार पाण्यावर मिक्सरमध्ये गुळगुळीत वाटली. मग लाकडी डावाने 8 मिनिटं फेटली, थेंब वाटीतल्या पाण्यावर तरंगेपर्यंत. शेवटी बारीक चिरलेला एक कांदा, मिरची, मीठ. तेल 175 अंश, थर्मामीटरने मोजलेलं.

पाणी आणखी कमी केलं, तर वडा घट्ट होतो. पीठ फ्रिजमध्ये ठेवलं, तरी 15 मिनिटांत तळाशी पाणी सुटतं. माझा संशय कांदा-मिठावर आहे.

सोडा, अंडं, बेसन नको. ब्राझीलमधल्या बाहियात हाच पदार्थ अकाराजे झाला. तिथल्या विक्रेत्या बायका पातेलंभर पीठ घेऊन रस्त्यावर बसतात, मोठ्या लाकडी चमच्याने मधूनमधून फेटतात आणि लाल पाम तेलात तळतात. 2005 साली त्यांच्या या कामाला राष्ट्रीय वारशाचा दर्जा मिळाला, तोही उगाच नाही. म्हणजे पीठ टिकवता येतं.

मग प्रत्येक घाण्याआधी सगळं पीठ पुन्हा फेटायचं, की कांदा-मीठ त्या घाण्यापुरत्या पिठातच घालायचं?