जुन्या लाकडी दारे-चौकटींचा रंग पूर्ण खरवडून काढावा की त्यावरच नवा रंग द्यावा?

प्रश्न

घरातील दारे, त्यांच्या चौकटी, खिडक्यांच्या झडपा आणि जिन्याचा कठडा यांना नव्याने रंग द्यायचा असून हे काम मी स्वतःच करणार आहे. लाकूड शाबूत आहे. टोच्याने दाबून पाहिले तर कोठेही पोकळ लागत नाही आणि वाळवीची किंवा भुंग्याची खूणही नाही. रंगाची अवस्था मात्र जागोजागी वेगळी आहे. चौकटींवरचा चकचकीत थर घट्ट बसलेला असून केवळ पिवळा पडला आहे, झडपांच्या खालच्या आडव्या पट्ट्यांवर पोपडे सुटले आहेत, आणि दारांवर इतके थर साचले आहेत की पॅनेलभोवतीची नक्षी बुजून गेली आहे.

सगळा रंग उतरवून लाकूड कोरे करणे खरोखर आवश्यक आहे का? जुना रंग बहुधा ऑइलपेंट असावा. घरात वास कोंडू नये म्हणून वरचा रंग पाण्यात मिसळणारा घेतला, तर तो टिकेल का? दारांच्या पॅनेलभोवती बारीक फटी पडल्या आहेत, त्या भराव्यात का? घरात लहान मूल आहे, हेही लक्षात घेऊन सल्ला द्यावा, ही विनंती.

पहिला प्रतिसाद

सरसकट रंग काढण्याची गरज नाही, असे माझे ठाम मत आहे. घट्ट बसलेला जुना थर हे उत्तम अस्तर असते, कारण लाकडाची छिद्रे त्याने कधीच बुजवलेली असतात. थर घट्ट आहे की नाही, हे मात्र नुसते पाहून ठरवू नये. धारदार ब्लेडने लाकडापर्यंत पोहोचणाऱ्या बारीक उभ्या-आडव्या रेघा मारून त्यावर चिकटपट्टी दाबून बसवावी आणि झटक्याने ओढावी. रंगाचे चौकोन पट्टीबरोबर निघून आले, तर तेथील रंग उतरवलाच पाहिजे; नवा रंग कितीही चांगला असला तरी खालचा थर सुटला की त्याच्याबरोबर तोही गळतो.

चौकटी आधी धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसून, मग साध्या पाण्याने दोनदा स्वच्छ कराव्यात. हे घासण्यापूर्वीच करावे, कारण हातांचा तेलकटपणा आणि मेण तसेच ठेवून पॉलिशपेपर फिरवला, तर ते ओरखड्यांत मुरतात. वाळल्यावर १८० ते २२० नंबरच्या पेपरने चमक पूर्ण मरेपर्यंत घासावे. रंग झिजवायचा नाही, केवळ पृष्ठभाग मंद करायचा आहे.

झडपांच्या बाबतीत पोपडे खालच्याच पट्टीवर का सुटले, हे आधी शोधावे. पाणी तेथे साचत असेल किंवा काचेजवळच्या फटीतून आत शिरत असेल, तर ते थांबवल्याशिवाय केलेले रंगकाम वाया जाईल. सुटलेला रंग पत्तीने काढावा आणि उरलेल्या थराची कड १२० नंबरने उतरती करावी, म्हणजे बोट फिरवल्यावर पायरी लागणार नाही. लाकूड पुरते कोरडे झाल्यावर उघड्या भागाला वुड प्रायमर द्यावा, त्यानंतर लांबी (लाकडातील खळगे बुजवण्याचे तेलातले पुट) भरावी, ती घासून घ्यावी आणि लांबीवर पुन्हा प्रायमर द्यावा. कोऱ्या लाकडावर थेट लांबी भरली, तर लाकूड तिच्यातील तेल शोषून घेते आणि ती तडकते. भिंतीची सिमेंटची पुट्टी लाकडाला कधीही वापरू नये. लाकूड हवेतल्या ओलाव्याने फुगते-आकसते, आणि ती पुट्टी त्याच्याबरोबर हलत नाही.

जुना रंग कोणता, हे कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट (पॉलिशसाठी मिळणारे मेथिलेटेड स्पिरिट) घेऊन घासले की कळते: पाण्याचा ॲक्रिलिक रंग मऊ होऊन बोळ्याला लागतो, ऑइलपेंटवर काही परिणाम होत नाही. मंद केलेल्या ऑइलपेंटवर चिकटून बसणाऱ्या प्रायमरचा एक हात दिला, तर वर पाण्याचा रंग निश्चित टिकतो. उलट, चमकत्या थरावर तो थेट दिला, तर नखानेही सोलला जातो.

दुसरा प्रतिसाद

वरील सल्ल्याला एक पुरवणी जोडतो, आणि ती सर्वांत आधी अमलात आणावी. जुन्या ऑइलपेंटमध्ये रंगद्रव्य म्हणून आणि रंग लवकर वाळावा म्हणूनही शिशाची विषारी संयुगे वापरली जात. त्यामुळे खालच्या थरांचा तुकडा प्रयोगशाळेत तपासून घेईपर्यंत कोरडे घासणे टाळावे. ज्योतीने रंग जाळणे तर अजिबात नको, कारण त्यातून शिशाची वाफ होते. पाणी शिंपडून वॉटरपेपरने घासावे, खाली प्लास्टिक अंथरावे, पडलेला चुरा ओल्या फडक्याने टिपून घ्यावा आणि काम चालू असताना मुलाला त्या खोलीत येऊ देऊ नये. साध्या व्हॅक्यूम क्लीनरमधून बारीक धूळ परत हवेत उडते. शिसे निघालेच, तर साठलेले थर काढण्याचे काम प्रशिक्षित माणसाकडे सोपवणे मला अधिक सुज्ञपणाचे वाटते.

प्रश्नकर्ता

दोन्ही प्रतिसादांबद्दल आभारी आहे. रंगाचा तुकडा तपासणीस दिला आहे आणि तोवर घासणे थांबवले आहे. स्पिरिट लावल्यावर चौकटी आणि दारांवर काहीच झाले नाही. कठड्यावर मात्र बोळा तपकिरी होऊन चिकट लागला. त्यावर तर रंगच दिसत नव्हता. शिवाय नक्षी मोकळी कशी करावी आणि पॅनेलच्या फटींचे काय, हे अजून उलगडले नाही.

पहिल्या प्रतिसादकाचे उत्तर

कठड्यावर चपड्याचे, म्हणजे लाखेचे, पॉलिश आहे. ते स्पिरिटमध्ये विरघळते. त्यात नैसर्गिक मेण असते आणि त्यावर पाण्याचा रंग नीट धरत नाही, म्हणून ते स्पिरिट व बारीक स्टील वूलने उतरवावे. खाली सागवान निघाले, तर लाकडातील तपकिरी डाग पांढऱ्या रंगातून वर येऊ शकतात. अशा वेळी डाग अडवणारा प्रायमर घ्यावा. तपासणीत शिसे निघाले नाही, तर दारांवरील नक्षीपुरताच रंग काढणाऱ्या रसायनाचा लेप द्यावा, फुगलेला थर लाकडी काडीने काढावा आणि उरलेले रसायन डब्यावरील सूचनेप्रमाणे धुऊन टाकावे.

पॅनेलभोवतीच्या फटी भरू नयेत. पॅनेल खाचेत सैल बसवलेले असते, ते ऋतूप्रमाणे सरकावे म्हणूनच. फट कडक भरली, तर पॅनेलच तडकू शकते. चौकट आणि भिंत यांच्यामधील फट मात्र रंगवता येणाऱ्या ॲक्रिलिक सीलंटने भरावी, सिलिकोनने नव्हे, कारण त्यावर रंग बसत नाही. दाराची वरची आणि खालची कडही रंगवावी, कारण ओलावा तेथूनच सर्वाधिक शिरतो. पाण्याचा रंग काही तासांत कोरडा वाटला तरी पुरता कडक व्हायला काही आठवडे लागतात. तोवर दारे चौकटीत दाबून बंद करू नयेत, नाहीतर दोन्ही थर एकमेकांना चिकटून उखडतील.